लोणावळ्याची ‘साधना’: फादर अँथनी डिमेलो यांच्या जीवनकार्याचा आढावा

मन आणि शरीर यांच्या अभ्यासाची परंपरा लोणावळ्याला नवी नाही. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली इथे कैवल्यधाम सुरू केले आणि योगाची प्रयोगशाळेत तपासणी सुरू केली. स्वामी विज्ञानानंदांचे मनशक्ती केंद्र तर कितीतरी मराठी घरांच्या ओळखीचे आहे. याच गावात १९७८ पासून तिसरीही एक संस्था काम करत आली आहे, ‘साधना इन्स्टिट्यूट’. तिचे संस्थापक फादर अँथनी डिमेलो हे येशूसंघीय कॅथलिक धर्मगुरू. त्यांच्या पुस्तकांना स्पेन, लॅटिन अमेरिका, जर्मनी, पोलंड, अमेरिका इथे फार मोठा वाचकवर्ग मिळाला. भारतातल्या ख्रिस्ती लेखकांपैकी जगभर इतके वाचले गेलेले लेखक मोजकेच. मावळातल्या या गावी राहून त्यांनी आयुष्यातले सर्वांत महत्त्वाचे काम केले, आणि तरी मराठीत त्यांच्याविषयी फार थोडे बोलले जाते.

डिमेलोंबद्दल जे लिहिले जाते ते बहुधा दोन टोकांना असते. एका बाजूला त्यांच्या गोष्टी सुविचारांसारख्या वाटून घेणारे चाहते, दुसऱ्या बाजूला १९९८ मध्ये व्हॅटिकनने त्यांच्या लेखनाविषयी दिलेला इशारा पुढे करणारे टीकाकार. दोघांच्याही हातात पुस्तके असतात. माझ्या मते त्यांचे खरे कार्य पुस्तकांच्या आधीचे आहे. ते प्रशिक्षक होते. पंचवीस-तीस माणसांपुढे बसून, महिनोन्‌महिने, त्यांना स्वतःकडे पाहायला शिकवणे हा त्यांचा धर्मगुरू म्हणून मुख्य उद्योग होता. पुस्तके त्या कामातून निघाली, काही तर त्यांच्या मागे इतरांनी काढली. शिबिर बाजूला ठेवून नुसती पुस्तके वाचली की त्यांचे मोठेपणही नीट कळत नाही आणि त्यांच्याविषयीचा वादही.

सांताक्रूझ ते पुणे

अँथनी डिमेलो यांचा जन्म ४ सप्टेंबर १९३१ रोजी मुंबईत सांताक्रूझला झाला. घराण्याची मुळे गोव्यातली. शिक्षण वांद्र्याच्या सेंट स्टॅनिस्लॉस शाळेत, येशूसंघीयांच्या हाताखाली. १९४७ च्या जुलैत, अजून सोळा वर्षेही पुरी झाली नव्हती तेव्हा, ते येशूसंघात दाखल झाले. अंधेरीच्या विनयालयात त्यांची उमेदवारी झाली.

१९५२ मध्ये त्यांना तत्त्वज्ञान शिकण्यासाठी स्पेनमध्ये बार्सिलोनाला पाठवण्यात आले. येशूसंघाचा पाया ज्या ‘आध्यात्मिक व्यायामां’वर उभा आहे त्यांची रचना संत इग्नेशियस लोयोला यांनी सोळाव्या शतकात याच परिसरात, मानरेसा इथे सुरू केली होती. तीस दिवसांचे मौन, दिवसातून अनेक तास ध्यान, येशूच्या जीवनातले प्रसंग डोळ्यांपुढे आणून त्यांत स्वतः उतरणे आणि मनात काय हलते त्याची रोजची नोंद, असे त्या व्यायामांचे स्वरूप. त्यांचे गाढे जाणकार फादर होसे काल्वेरास यांच्याकडून डिमेलो हे सारे शिकले. पुढच्या त्यांच्या प्रवासात बौद्ध ध्यान आले, मानसोपचार आला, सूफी आणि झेन कथा आल्या. पण बसण्याची शिस्त, कल्पनाशक्तीचा वापर आणि मनाच्या हालचालींवर लक्ष ही घडण इग्नेशियन आहे. टीकाकार आणि चाहते दोघेही ती विसरतात.

भारतात परतल्यावर धर्मशास्त्राचे शिक्षण पुण्याला डी नोबिली कॉलेजात झाले. कॉलेजाचे नाव सतराव्या शतकातल्या रॉबेर्तो दे नोबिली यांचे. त्यांनी मदुराईत संन्याशाचा वेष घेतला, संस्कृत आणि तमिळ आत्मसात केले, आणि ख्रिस्ती होण्यासाठी युरोपीय होण्याची गरज नाही असा आग्रह धरला. त्यांच्यावर तक्रारी झाल्या, चौकशी झाली, शेवटी १६२३ मध्ये रोमने त्यांची पद्धत मान्य केली. २४ मार्च १९६१ रोजी वांद्र्याच्या सेंट पीटर चर्चमध्ये डिमेलो यांना गुरुदीक्षा मिळाली. नंतर शिकागोच्या लोयोला विद्यापीठात त्यांनी समुपदेशनाचे शिक्षण घेतले. मानसशास्त्र आणि प्रार्थना या दोन वाटा तिथे त्यांच्यात एकत्र आल्या.

मुंबईला परतल्यावर ते रिट्रीट देणारे फादर म्हणून नावारूपाला आले, विनयालयाचे रेक्टरही झाले. या काळातले डिमेलो कडक शिस्तीचे, परंपरेला धरून चालणारे. त्यांच्या त्या वेळच्या प्रवचनांचा संग्रह ‘कॉन्टॅक्ट विथ गॉड’ त्यांच्या मृत्यूनंतर १९९० मध्ये निघाला. देवाशी थेट नाते, विनवणीची प्रार्थना, पश्चात्ताप, येशूवरचे प्रेम हे त्याचे विषय. ‘डिमेलो म्हणजे निराकाराचा पुरस्कर्ता’ एवढेच ज्यांनी ऐकले आहे त्यांनी हे पुस्तक अवश्य पाहावे.

दार उघडले तो काळ

हे सारे घडत असताना कॅथलिक जगात मोठी उलथापालथ चालू होती. १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद भरली. २८ ऑक्टोबर १९६५ च्या ‘नोस्त्रा एताते’ या घोषणापत्राने सांगितले की इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही. अमेरिकेत थॉमस मर्टन हे ट्रॅपिस्ट संन्यासी झेनविषयी लिहीत होते. दक्षिण भारतात स्वामी अभिषिक्तानंद आणि बीड ग्रिफिथ्स आश्रमजीवन जगत होते.

पुण्यात तर याची सुरुवात खूप आधी झाली होती. अँग्लिकन धर्मगुरू जॅक विन्स्लो यांनी १९२० च्या दशकात क्रिस्त सेवा संघ काढला. खादी, जमिनीवरची बैठक आणि भारतीय भजन यांत त्यांनी ख्रिस्ती उपासना बसवली. शिवाजीनगरच्या त्यांच्या आश्रमाला १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला नवा जन्म मिळाला. अँग्लिकन आणि कॅथलिक धर्मभगिनी तिथे एकत्र राहू लागल्या, आणि शांकर वेदान्ताच्या अभ्यासक सिस्टर सारा ग्रँट त्या आश्रमाचा आधार झाल्या.

म्हणजे डिमेलो यांनी नव्या प्रयोगाला हात घातला तेव्हा वारा अनुकूल होता. त्यांचे वेगळेपण असे की वेष, आरती, वास्तुरचना यांत ते फारसे गुंतले नाहीत. इतर जण भारतीय रूप शोधत होते. डिमेलो तंत्र शोधत होते. श्वास कसा पाहायचा, राग येतो तेव्हा शरीरात काय होते, आपण ज्याला देवभक्ती म्हणतो त्यात भीती किती आणि प्रेम किती, हे त्यांचे प्रश्न होते.

शिबिरात काय होत असे

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला डी नोबिली कॉलेजात त्यांनी पास्टरल काउन्सेलिंगची संस्था सुरू केली. तीच पुढे ‘साधना’ झाली आणि १९७८ मध्ये लोणावळ्याला येशूसंघाच्या स्टॅनिस्लॉस व्हिलात आली. घाटमाथ्यावरची ही जागा मुंबई आणि पुणे या दोन्ही शहरांना धरून आहे, आणि दोन्ही शहरांच्या गडबडीबाहेरही. भाजे, कार्ले आणि बेडसे इथल्या लेण्यांत भिक्षूंनी दोन हजार वर्षांपूर्वी वर्षावासासाठी हाच मुलूख निवडला होता.

शिबिरे दोन प्रकारची असत: नऊ महिन्यांची मोठी आणि महिन्याभराची छोटी. येणारे बहुतेक धर्मगुरू आणि धर्मभगिनी. कोणी शाळा चालवणारे, कोणी सेमिनरीत शिकवणारे, कोणी दूरच्या मिशनवर वर्षानुवर्षे राबून थकलेले. इतरांना धीर देण्याचे काम ज्यांच्यावर आहे त्यांनी आधी स्वतःच्या मनाची झाडाझडती घ्यावी, ही त्यामागची भूमिका. त्या काळी ही भूमिका धाडसाची होती. धर्मगुरूला राग, एकटेपणा, लैंगिक ओढ, वरिष्ठांचे भय असते हे उघड बोलण्याची जागाच कुठे नव्हती.

पहिल्या वर्षांत भर मानसोपचारावर होता. फ्रिट्झ पर्ल्स यांची गेस्टाल्ट पद्धत, एरिक बर्न यांचे व्यवहार विश्लेषण, गटातला थेट संवाद. गटात बसलेल्या माणसाने ‘लोकांना असे वाटते’ अशी आड घेतली की त्याला ‘मला असे वाटते’ म्हणायला लावायचे. डिमेलो प्रेमळ होते, विनोदी होते, पण गटात कुणाचा मुखवटा टिकू देत नसत. काहींना ते सोसले नाही. अनेकांनी मात्र या शिबिराला आयुष्याचे वळण मानले.

गेस्टाल्ट आणि प्रार्थना त्यांच्याकडे कशा एकत्र नांदत होत्या याचा उत्तम नमुना म्हणजे रिकाम्या खुर्चीचा व्यायाम. पर्ल्स यांच्या पद्धतीत समोर रिकामी खुर्ची ठेवतात. तिच्यावर वडील, भाऊ, मृत मित्र, कोणीही बसला आहे असे मानून राहून गेलेले बोलायचे. डिमेलो यांच्या ‘साधना’ पुस्तकात प्रार्थनेच्या व्यायामांत हीच खुर्ची येते आणि तिच्यावर येशू बसलेला असतो. तो आहे असे धरून बोला, त्याचे ऐका, एवढेच सांगणे. एका आजारी माणसाला प्रार्थना जमत नव्हती, त्याला कोणी हा उपाय सांगितला. पुढे मृत्यूच्या वेळी त्याचे डोके बिछान्याशेजारच्या त्या खुर्चीवर टेकलेले आढळले, अशी हकिकत ते तिथे सांगतात. उपचार म्हणून जन्मलेले साधन आणि शेकडो वर्षांची ख्रिस्ती भक्ती यांत त्यांना भिंत दिसली नाही.

नंतरच्या वर्षांत भर बदलला. श्वासाकडे, संवेदनांकडे पाहण्याचा सराव वाढला. नाकपुड्यांशी येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासावर तासन्‌तास लक्ष ठेवण्याचा अनुभव आपण बौद्ध शिबिरात घेतला, असे त्यांनी स्वतः लिहिले आहे. सत्यनारायण गोएंका यांच्यामुळे विपश्यना भारतात परतली होती आणि १९७६ पासून इगतपुरीचे धम्मगिरी केंद्र आकार घेत होते, तोच हा काळ.

पुस्तके: कोणती त्यांची, कोणती त्यांच्या मागची

‘साधना: अ वे टू गॉड’ हे पहिले पुस्तक १९७८ मध्ये निघाले. गुजरातेत आणंदच्या गुजरात साहित्य प्रकाशनाने ते काढले. त्यात सत्तेचाळीस व्यायाम आहेत. सुरुवात मौनाने होते: दहा मिनिटे गप्प बसा आणि काय हाती लागते ते पाहा. पुढचा व्यायाम आणखी साधा. खांद्यावर कपड्याचा स्पर्श जाणवतो का? पाठ खुर्चीला टेकली आहे ती जाणवते का? हात एकमेकांवर विसावले आहेत, मांड्या बैठकीवर दाबल्या गेल्या आहेत, पावले बुटांना टेकली आहेत. एकेका जागी क्षणभर थांबा आणि पुन्हा खांद्यापासून सुरू करा. देवाचे नावही त्यात घ्यायचे नाही. ‘ही कसली प्रार्थना?’ असा प्रश्न शिबिरात येत असे, आणि त्याला डिमेलो पुस्तकातही सविस्तर उत्तर देतात. डोक्यात चाललेली बडबड थांबल्याशिवाय हृदयाला देव कळत नाही, आणि देहाच्या संवेदनांवर परतणे हा ती बडबड थांबवण्याचा सर्वांत जवळचा रस्ता, असा त्यांचा युक्तिवाद आहे. पुस्तक पुढे कल्पनेच्या व्यायामांकडे आणि शेवटी भक्तीकडे जाते. येशूचे नामस्मरण, विनवणी, स्तुतीची प्रार्थना हे शेवटचे टप्पे. एखाद्या शिबिराचा आराखडाच पुस्तकात उतरावा तशी त्याची बांधणी आहे, आणि माझ्या दृष्टीने हेच त्यांचे सर्वांत महत्त्वाचे पुस्तक.

‘द साँग ऑफ द बर्ड’ (१९८२) ने त्यांना जगभर नेले. यातल्या गोष्टी आपल्या नाहीत, त्या बौद्ध, ख्रिस्ती, झेन, हसिदी, सूफी, हिंदू परंपरांतून आल्या आहेत, असे ते आरंभीच सांगतात. आपण कॅथलिक धर्मगुरू आहोत, इतर परंपरांत मुक्तपणे हिंडलो आणि त्यांचा खोल परिणाम झाला, पण परत येतो ते आपल्या चर्चकडेच, हेही लिहितात. गोष्टी कशा वाचाव्यात याची सूचनाही देतात: वाचून पुढे जाऊ नका, ती दिवसभर सोबत वागवा, तिला तुमच्यावर काम करू द्या.

त्यातली हिऱ्याची गोष्ट घ्या. गावाबाहेर झाडाखाली उतरलेल्या संन्याशाकडे एक गावकरी धावत येतो आणि स्वप्नातल्या दृष्टान्ताप्रमाणे मौल्यवान दगड मागतो. संन्यासी झोळीतून दगड काढून देतो. वाटेत सापडला होता, हवा तर घे. तो असतो माणसाच्या डोक्याएवढा हिरा. गावकरी तो घेऊन जातो, रात्रभर तळमळतो, आणि पहाटे परत येऊन म्हणतो की हा हिरा इतक्या सहज देता येतो ती श्रीमंती मला द्या. गोष्ट इथे संपते. शिवाजी महाराजांचा नजराणा परत पाठवणाऱ्या तुकोबांची कथा ज्याने लहानपणी ऐकली आहे, त्या मराठी वाचकाला या गोष्टीचा अर्थ कोणी समजावून द्यायला नको.

‘वेलस्प्रिंग्ज’ (१९८४) आणि ‘वन मिनिट विस्डम’ (१९८५) ही त्यांच्या हयातीतली पुढची पुस्तके. ‘द प्रेयर ऑफ द फ्रॉग’ त्यांनी लिहून दिले होते, ते मृत्यूनंतर दोन भागांत निघाले. अमेरिकेत हेच भाग ‘टेकिंग फ्लाइट’ आणि ‘द हार्ट ऑफ द एन्लाइटण्ड’ या नावांनी मिळतात. सर्वाधिक खपणारे ‘अवेअरनेस’ (१९९०) मात्र त्यांनी लिहिलेले नाही. त्यांच्या भाषणांच्या ध्वनिमुद्रणांवरून फादर फ्रान्सिस स्ट्राउड यांनी ते संपादित केले. हा फरक लक्षात ठेवायला हवा. शिबिरात डिमेलो समोरच्या माणसाला हलवण्यासाठी मुद्दाम टोकाचे बोलत, तो दुखावला तर थांबत, दुसऱ्या दिवशी दुसरी बाजू मांडत. छापील पानावर फक्त टोक उरते. लिहिणारे डिमेलो तोलून लिहितात, बोलणारे डिमेलो डिवचतात.

विचारांची तीन वळणे

त्यांच्या विचारात सरळ तीन टप्पे दिसतात. पहिल्यात प्रार्थना हे देवाशी प्रेमाचे बोलणे आहे. दुसऱ्यात माणसाच्या जखमा बऱ्या करणे हे प्रार्थनेइतकेच निकडीचे ठरते, कारण दबलेला राग आणि अपराधभाव घेऊन बसलेला माणूस देवाची मूर्तीही भीतीतूनच घडवतो. तिसऱ्यात ते म्हणू लागतात की स्वतःला सुधारण्याची धडपडही सोडा, फक्त पाहा. आसक्ती म्हणजे अमुक मिळाल्याशिवाय मी सुखी होणार नाही अशी समजूत. ती समजूत नीट दिसली की आपोआप गळते, ओढून काढावी लागत नाही.

गुजरातीत विपुल लेखन करणारे स्पॅनिश येशूसंघीय फादर कार्लोस व्हालेस लोणावळ्याच्या शिबिरांत होते. डिमेलोंच्या मृत्यूनंतर लगेच त्यांनी डिमेलोंवर पुस्तक लिहिले. आपली मते बदलली हे डिमेलो किती मोकळेपणाने मान्य करत, याचे जवळून पाहिलेले वर्णन त्यात आहे. संस्थेच्या प्रमुखाला शिष्यांसमोर ‘मी पूर्वी सांगत होतो ते आता मला पटत नाही’ असे म्हणणे सोपे नसते. मला त्यांच्याविषयी सर्वाधिक आदर वाटतो तो इथे.

चौथा टप्पा आला असता का, हे कळण्याआधीच सारे संपले. १९८७ च्या जूनमध्ये अमेरिकेतल्या महाविद्यालयांसाठी उपग्रहावरून प्रक्षेपित होणाऱ्या व्याख्यानांसाठी ते न्यूयॉर्कला फोर्डम विद्यापीठात पोहोचले. २ जूनच्या सकाळी ते खोलीत मृतावस्थेत सापडले. हृदयविकाराचा झटका होता. वय ५५. त्यांना वांद्र्याला, जिथे गुरुदीक्षा झाली त्याच सेंट पीटर चर्चच्या दफनभूमीत मूठमाती देण्यात आली.

१९९८ चा इशारा

मृत्यूनंतर अकरा वर्षांनी, २४ जून १९९८ रोजी, व्हॅटिकनच्या श्रद्धासिद्धांत मंडळाने डिमेलो यांच्या लेखनाविषयी अधिसूचना काढली. मंडळाचे प्रमुख होते कार्डिनल योसेफ रात्झिंगर, पुढचे पोप बेनेडिक्ट सोळावे. सुरुवातीच्या पुस्तकांवर बौद्ध आणि ताओ प्रभाव असला तरी ती ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत राहतात, नंतरच्या लेखनात मात्र लेखक मूळ श्रद्धेपासून क्रमाने दूर गेला, असा तिचा निष्कर्ष. आक्षेप नेमके आहेत: देवाचे व्यक्तिरूप विरघळते, येशू अनेक गुरूंपैकी एक ठरतो, पाप हे केवळ अज्ञान ठरते, मृत्यूनंतरच्या जीवनाचा प्रश्न बाजूला पडतो. काही मते कॅथलिक श्रद्धेशी विसंगत असून गंभीर हानी करू शकतात, असे त्यात म्हटले.

या आक्षेपांना उडवून लावणे बरोबर नाही. येशू हा देवाचा पुत्र आहे की थोर ज्ञानी, हा ख्रिस्ती माणसाच्या दृष्टीने किरकोळ मुद्दा नव्हे. उद्या एखाद्या वारकऱ्याला कोणी म्हटले की विठ्ठल म्हणजे फक्त एक मनःस्थिती, तर त्याला जे लागेल तेच इथे लागले आहे. आपल्या श्रद्धेची कड राखण्याचा अधिकार प्रत्येक धर्मपीठाला आहे. पण पुराव्याची बाजूही पाहायला हवी. आक्षेपासाठी घेतलेले बरेचसे उतारे मृत्यूनंतर इतरांनी संपादित केलेल्या पुस्तकांतले, भाषणांच्या नोंदींतले होते. लेखक उत्तर द्यायला नव्हता.

मिठाच्या बाहुलीचे उदाहरण यासाठी बोलके आहे. समुद्र काय आहे हे जाणून घ्यायला निघालेली मिठाची बाहुली त्यात पाऊल टाकते आणि विरघळत जाते, ही रामकृष्ण परमहंसांमुळे घराघरांत पोहोचलेली गोष्ट ‘द साँग ऑफ द बर्ड’मध्ये आहे. व्हॅटिकनच्या टिपणात नेमका हाच धोका नोंदला आहे: माणूस निराकार देवात मिठासारखा विरून जातो, ही कल्पना. मराठी वाचक ही प्रतिमा वेगळ्या कानांनी ऐकतो. पाण्यात मिठाचे मिसळणे तुकोबांच्या अभंगात येते, आणि ज्या भंडारा डोंगरावर ते ध्यानाला जात तो याच मावळ तालुक्यात आहे. पण हेच तुकोबा विठ्ठलाशी भांडतात, त्याच्यापुढे रडतात, त्याच्यावर रुसतात. अद्वैताचा अनुभव आणि देवाशी चाललेले भांडण एकाच माणसाच्या मुखी असू शकते, हे आपल्याला कोणी पटवून द्यावे लागत नाही. डिमेलोही एका पानावर समुद्रात विरतात आणि दुसऱ्या पानावर रिकाम्या खुर्चीवरच्या येशूशी बोलतात. रोमने त्यांना सिद्धांत मांडणारा लेखक म्हणून तपासले. ते संतकवींच्या रीतीने बोलत होते. दोन्ही पक्षांच्या मापाचे गज वेगळे होते, हे या वादाचे मूळ आहे असे मला वाटते.

या अधिसूचनेनंतरही डिमेलोंची पुस्तके थांबली नाहीत. ही पुस्तके बहुधर्मीय परिस्थितीत, इतर धर्मीय आणि नास्तिक साधकांसाठीही लिहिली गेली असून कॅथलिकांना धर्मसिद्धांत शिकवण्याचे पाठ्यपुस्तक म्हणून ती लिहिलेली नाहीत, अशी सूचना नंतरच्या आवृत्त्यांत छापली जाऊ लागली. हा मधला मार्ग मला समंजस वाटतो.

दुसरा आक्षेप: आतल्या शांतीचा आणि बाहेरच्या अन्यायाचा

रोमच्या आक्षेपाइतकी गाजली नसली, तरी आपल्याकडे अधिक महत्त्वाची एक तक्रार आहे. १९७४-७५ च्या येशूसंघाच्या बत्तिसाव्या महासभेने श्रद्धेची सेवा आणि न्यायासाठीचा लढा एकमेकांपासून अलग करता येणार नाहीत असे ठरवले. महाराष्ट्रातल्या ख्रिस्ती समाजात दलित कुटुंबांची संख्या मोठी, १९७२ च्या दुष्काळाच्या झळा ताज्या. अशा वेळी उत्तम शिकलेल्या धर्मगुरूंनी नऊ महिने स्वतःच्या मनाचा शोध घ्यावा का?

डिमेलो यांचे उत्तर असे असे: झोपेत केलेली सेवा ही बऱ्याचदा स्वतःचीच सेवा असते. मी गरिबांसाठी झटतो त्यात मला थोर वाटण्याची भूक किती, हे ज्याने पाहिले नाही तो ज्यांच्यासाठी झटतो त्यांचेच नुकसान करतो. ज्यांनी संस्था चालवल्या आहेत ते यातले सत्य नाकारणार नाहीत. तरी हे उत्तर पुरे नाही. जातीचा चटका सोसणाऱ्याला ‘तुझे दुःख तुझ्या समजुतीत आहे’ असे सांगणे क्रूर ठरू शकते, आणि डिमेलोंच्या शेवटच्या भाषणांत असे सूर आहेत. अन्याय समजुतीत नसतो, तो विहिरीवर, शेताच्या बांधावर आणि मजुरीच्या हिशेबात असतो. आढावा घेताना त्यांच्या विचारातली ही उणीव स्पष्ट नोंदवायला हवी. त्यांचे श्रोते बहुतेक असे होते ज्यांची भाकरी सुरक्षित होती, आणि त्यांची भाषा त्या श्रोत्यांच्या मापाची होती.

मराठी परंपरेत त्यांची जागा

फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये ओवीबद्ध ‘क्रिस्तपुराण’ छापून मराठी ख्रिस्ती लेखनाचा पाया घातला. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि कीर्तन सोडले नाही. मिशनच्या नोकरीतून बाहेर पडून १९१७ मध्ये साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ उभा केला, बाप्तिस्मा घेतलेल्या-न घेतलेल्या सर्वांना त्यात जागा ठेवली. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादन केले, ‘सुबोध बायबल’ लिहिले, आणि २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषवले.

या तिघांनी भाषेच्या वाटेने मराठी मन गाठले. डिमेलो इंग्रजीत लिहीत राहिले आणि त्यांचे शिबिरही मुख्यतः ख्रिस्ती धर्मसंघांपुरते होते. मराठी वाचक त्यांच्यापासून दूर राहिला त्याचे हे खरे कारण. तरी टिळकांच्या दरबाराशी त्यांचे नाते घट्ट आहे. चर्चमध्ये राहून चर्चच्या भिंतीबाहेरच्या साधकालाही आत घेण्याची इच्छा दोघांचीही, आणि त्यासाठी आपल्याच माणसांचे बोल सोसण्याची तयारीही दोघांची.

आता करण्याजोग्या गोष्टी दोन. पहिली, ‘साधना’ हे पुस्तक मराठीत सटीप, जबाबदारीने यावे. त्यातले व्यायाम विपश्यनेशी, इग्नेशियन ध्यानाशी आणि आपल्या नामस्मरणाशी कुठे जुळतात, कुठे वेगळे होतात, हे टिपांत सांगितले जावे. दुसरी गोष्ट अधिक घाईची आहे. सत्तर-ऐंशीच्या दशकात ज्यांनी लोणावळ्याला शिबिरे केली ते धर्मगुरू आणि धर्मभगिनी आता वृद्ध आहेत. त्यांच्या आठवणी, वह्या, मतभेद नोंदवून घेतले पाहिजेत. भाषणांच्या फिती पुष्कळ ऐकल्या गेल्या. समोर बसलेल्यांनी काय ऐकले, ते परत जाऊन आपल्या शाळेत, पॅरिशमध्ये, दवाखान्यात कसे वागले, हे नोंदले गेले तरच डिमेलो यांच्या कामाचे खरे मोल ठरेल. प्रशिक्षकाची परीक्षा त्याने घडवलेल्या माणसांवरून होते.

नव्या वाचकाला माझा सल्ला सरळ आहे. ‘अवेअरनेस’ने सुरुवात करू नका. ‘साधना’ घ्या, पहिले पाच व्यायाम महिनाभर करा, मग ‘द साँग ऑफ द बर्ड’ उघडा आणि एका दिवशी एकच गोष्ट वाचा. तुम्ही ख्रिस्ती असाल तर शेवटचे भक्तीचे व्यायाम गाळू नका, कारण त्यांच्याशिवाय हे पुस्तक अर्धे आहे. ख्रिस्ती नसाल तरीही गाळू नका. एका ख्रिस्ती धर्मगुरूने येशूवर कसे प्रेम केले हे त्यांतून कळेल. आणि जे पटत नाही ते तिथेच थांबून स्वतःशी तपासा. डिमेलो यांनी स्वतःची मते अशीच तपासली आणि बदलली. त्यांचा वाचकही तसाच असायला हवा.